जाळीचं माप

किसुमूत वीज जाते तेव्हा
सेंट्रिफ्यूजची घरघर हळूहळू उतरते,
माझ्या छातीतली चढते.
आत, करंगळीएवढ्या नळीत,
पहाटेपासून घोटलेलं दूधट पाणी.
त्यात मेदाचे कोट्यवधी गोळे,
प्रत्येकाच्या पोटात चिमूटभर औषध.
चिमूट हा शब्द चुकलाच.
एवढी बारीक चिमूट कुणाच्या बोटांना जमते?

मी अपियो, जुळ्यातली थोरली.
धाकटा ओडोंगो लोल्वेच्या पाण्यावर
रात्री कंदील तरंगत सोडतो,
उजेडाला भुललेली बोटभर ओमेना ओढून घेतो,
आणि दिवसा वाळत घालतो
सरकारी मच्छरदाण्यांवर.
दवाखान्याची बाई त्याच्यावर ओरडते.
तो म्हणतो, माणसं नऊ, मच्छरदाण्या चार,
बाई, तुम्हीच सांगा,
आधी कुणाला झाकू?

त्याची अविनो सहा वर्षांची.
हिवताप तिच्याकडे पाहुण्यासारखा येतो,
वर्षातून तीनदा, न कळवता.
यंदा तिचा दात हलला.
दुधाचा असेल, म्हणून आम्ही हसलो.
मग शेजारचा हलला.
मग गाल असा दिसू लागला,
जणू एक घास तिने गिळायचाच ठेवलाय.

डॉक्टर म्हणाले, जिथे हिवताप मुक्कामाला असतो
तिथेच ही गाठ पोरांच्या जबड्यात जास्त धरते.
‘म्हणजे डासांनी आणली?’
‘इतकं सरळ नाही ते.’
ओडोंगोने मान हलवली.
सरळ नसलेल्या गोष्टींची त्याला सवय आहे.

वॉर्डाबाहेरच्या बाकावर त्याने विचारलं,
तू त्या खोलीत काय घोटतेस ते नीट सांग.
सांगितलं. एक केस घे,
त्याच्या जाडीचे हजार भाग कर,
त्यातल्या एका भागाएवढा आमचा गोळा.
त्याने हात झटकला.
‘गोळ्याचं राहू दे. भोकाचं माप बोल.’

तेव्हा मला बोलता आलं.
निरोगी रक्तवाहिनीची वीण घट्ट असते,
आमचा गोळा तिच्यातून गळत नाही.
गाठीकडे जाणारी मात्र घाईत विणलेली,
टाके सुटलेली, ठिकठिकाणी उसवलेली.
तिथे तो निसटतो, आत पडतो, अडकून राहतो.
ओडोंगो म्हणाला, ‘म्हणजे आमचंच जाळं, उलटं धरलेलं.’
नैरोबीहून आलेल्या साहेबांना
चाळीस चित्रं दाखवूनही हे उमगलं नव्हतं.

दुसऱ्या नळीबद्दलही सांगितलं:
तसेच गोळे, पोटात हिवतापाचं औषध,
लाल पेशीत भाडं न भरता राहणाऱ्या
त्या परजीवीच्या दारापर्यंत जाणारे.
तो ऐकत होता, पण पहिल्या नळीपाशीच थांबलेला.

‘मग अविनोला दे की.’

प्रयोगशाळेचा फ्रीज वॉर्डापासून
दोनशे बारा पावलांवर आहे. मी मोजलीत.
म्हटलं, अजून फक्त उंदरांना देतो.
‘बरे होतात?’
नवातले सहा.
तो गप्प झाला.
उंदरांचा हेवा करणारा माणूस
मी पहिल्यांदाच पाहिला,
आणि तो माझ्याच चेहऱ्याचा होता.

अविनोला जुनं औषध लागलं, थेंब थेंब.
त्याला पत्ता ठाऊक नाही, ते सगळीकडे जातं:
गालात, केसांत, जिभेत, नखांच्या मुळाशी.
दुसऱ्या खेपेनंतर गाल उतरला.
उशीवर केस राहिले.
तोंड आलं, म्हणून तिने ओमेनाचा रस्सा
पाच दिवस बाजूला सारला.
डॉक्टर ‘बघू’ म्हणतात.
मीही हाच शब्द वापरते, वहीत, रोज.

वीज आली. नळी उजेडात धरली.
गोळे एकमेकांना चिकटून दह्यासारखे झालेले.
लिहिलं: खेप एकेचाळीस, वाया.
हात धुतले. मेद पुन्हा तापत ठेवला.

संध्याकाळी ओडोंगोने चारातली एक मच्छरदाणी आणली,
तीन पाण्यांतून काढलेली, तरी मासळीच्या वासाची.
नर्सने नाक मुरडलं,
पण खिळा तिनेच शोधून दिला.
आत अविनो. तिच्या डोक्यावर, जाळीत,
एक खवला अडकून चमकत होता.
मी काढायला हात घातला.
‘आत्या, राहू दे,’ ती म्हणाली,
सुजऱ्या जिभेने, पण स्पष्ट.